चावत नाही, नुसता दात लावतो

कुत्रा सोडायला आलेल्या माणसाला शेल्टरच्या व्हरांड्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो : कुणाला चावलाय का कधी? कुत्रा पॉमेरियन, शिट्झू किंवा डॅशहुंड असेल तर उत्तर बहुधा ठरलेले असते. "नाही हो, चावत नाही. नुसता दात लावतो." रॉटवायलर घेऊन आलेला माणूस असे म्हणत नाही, त्याच्या कुत्र्याचा दात लागला की तो चावाच. कृती तीच, पण कुत्र्याच्या वजनाप्रमाणे तिचे नाव बदलते. लहान कुत्र्याचा स्वभाव जोखताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ मला या एका वाक्यात दिसते, म्हणून विवेचनाची सुरुवात तिथूनच करते.

प्रश्न तसा व्यावहारिक आहे. सोडलेला कुत्रा दुसऱ्या घरी द्यायचा, तर तो कोणत्या घरी नांदेल हे आधी सांगता आले पाहिजे. अंदाज चुकला तर दोन्हीकडून महागात पडते. चावऱ्याला गरीब ठरवले तर एखाद्या रांगत्या मुलाच्या गालाला टाके पडतात. गरिबाला चावरा ठरवले तर तो पिंजऱ्यातच म्हातारा होतो.

जे दिसते त्याचे थर

'स्वभावाला औषध नाही' ही म्हण कुत्र्यांच्या बाबतीत फार घाईने वापरली जाते. गुरगुरला की तो स्वभाव, असा हिशेब. प्रत्यक्षात दिसणाऱ्या कोणत्याही वर्तनात निदान तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, खरा स्वभाव : जन्मजात कल आणि पिल्लूपणी घडलेली ठेवण, जी पुढे वर्षानुवर्षे फारशी हलत नाही. दुसरी, सवय : काय केले की काय मिळते किंवा काय टळते, याचा कुत्र्याने घरात घेतलेला धडा. तिसरी, अवस्था : आज, या घटकेला त्याला असलेली भीती, दुखणे, भूक, झोपेची उणीव. पहिल्याला औषध नसेलही. दुसऱ्याला शिकवणे हे औषध आहे, आणि तिसऱ्याला तर अगदी शब्दशः औषध आहे. ते पशुवैद्य लिहून देतो.

पिल्लूपणाचे महत्त्व अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांवर केलेल्या प्रदीर्घ कामातून स्पष्ट झाले. त्यांचा ग्रंथ 1965 साली आला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जे पाहते, ज्यांच्या हातांत वावरते, ते त्याला पुढे आपले वाटते. त्या खिडकीबाहेर राहिलेल्या गोष्टींची भीती राहून जाते. ब्रीडरच्या पिंजऱ्यातून थेट दुकानाच्या काचेत आणि तिथून तिसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलेल्या शिट्झूने रस्ता पहिल्यांदा पाहिला तो चौथ्या महिन्यात, असे हल्ली सर्रास ऐकते.

जातीचा वाटाही नाकारता येत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जेम्स सर्पेल आणि सहकाऱ्यांनी मालकांकडून भरून घ्यायची एक सविस्तर प्रश्नावली तयार केली. तिच्या आधारे 2008 साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत माणसांवर धावून जाण्याच्या बाबतीत डॅशहुंड आणि चिवावा हे बरेच वरच्या क्रमांकावर होते. बैठकीत हे सांगितले की लोक खूश होतात. आपला अनुभव शास्त्राला पटला असे त्यांना वाटते. पण व्हिएन्नातील 1,276 कुत्रापालकांचा 2010 सालचा अभ्यास शेजारी ठेवला की चित्र गुंतागुंतीचे होते. तिथे 20 किलोखालच्या कुत्र्यांचे मालक वागण्यात जास्त धरसोड करणारे निघाले. त्यांचे कुत्र्याला शिकवणे कमी, त्याच्याबरोबर खेळणेही कमी. शिक्षा जिथे जास्त, तिथे लहान कुत्रे अधिक भित्रे आणि चिडके. म्हणजे लहान कुत्रा चिडका जन्मतो की केला जातो? माझ्या मते दोन्ही, पण शेल्टरच्या हाती जे काही उरते ते दुसऱ्या भागातच.

तो कसा केला जातो, हे कुठल्याही दिवाणखान्यात पाहायला मिळते. सोफ्यावर पॉम बसलाय. हात येतो. त्याचे अंग ताठरते, तोंड दुसरीकडे वळते, डोळ्याच्या कडेला पांढरा भाग दिसू लागतो, जीभ झटकन नाकावरून फिरते. हे कुणाच्या गावी नसते. मग तो गुरगुरतो. घरातले हसतात, "साहेबांना राग आला बघा", कुणीतरी मोबाइल काढते, आणि शेवटी त्याला उचलले जातेच. असे पन्नासदा झाले की कुत्र्याला एवढे कळते की गुरगुरून काही होत नाही. एक दिवस तो मधल्या पायऱ्या गाळतो, आणि हात लगेच मागे जातो. धडा पक्का. भुंकणारा कुत्रा चावत नाही, असे आपण म्हणतो. ज्याच्या भुंकण्याला कुणी भीक घातली नाही, त्याच्यासाठी म्हण नाही. लॅब्रेडोर गुरगुरला तर खोलीतले सगळे थांबतात, म्हणून त्याला पुढची पायरी चढावी लागत नाही.

कपड्यांची बास्केट

बंड्याला आणले ते दिवाळीनंतरच्या आठवड्यात. पांढरा, सात किलोचा, नऊ वर्षांचा. कागदावर पॉमेरियन, पण आपल्याकडे ज्याला पॉमेरियन म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, 1994 सालच्या 'हम आपके हैं कौन'मधल्या टफीसारखा. त्याला पाळणारे आजोबा वारले होते. त्यांचा मुलगा जर्मनीहून आलेला, परतीचे तिकीट हातात. फॉर्म त्याने नीट भरला. चावतो का : नाही. अन्नावरून गुरगुरतो का : नाही. उचलू देतो का : हो.

मी फॉर्म वाचत होते आणि कुत्र्याकडे पाहायचे राहून गेले. बंड्या प्लास्टिकच्या कपड्यांच्या बास्केटमध्ये होता, वर आंघोळीचा टॉवेल घट्ट बांधलेला. उचलू देणाऱ्या कुत्र्याला बास्केट कशाला लागते? मुलाच्या उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी होती. ती दिसल्यावर पुढचे नेहमीचे बोलणे झाले : जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली का, इंजेक्शन सुरू केले का. बंड्याच्या लशी वेळच्या वेळी झालेल्या होत्या, तरी आम्ही त्याला नियमाप्रमाणे दहा दिवस निरीक्षणाखाली वेगळे ठेवले. फॉर्मवरचे 'नाही' मात्र तसेच राहिले. तो माणूस खोटे बोलत होता असे मला वाटत नाही. वडिलांच्या कुत्र्याबद्दल वाईट लिहायला त्याचा हात धजावला नसेल.

तेव्हापासून मी मालकाला विशेषणे विचारत नाही, प्रसंग विचारते. शेवटचा गुरगुरला तो कधी? कुठे बसला होता? हात कुठून आला? मग तुम्ही काय केलेत? तो रात्री कुठे झोपतो, नखे कोण कापते, आंघोळ कशी घालता? नखे 'डॉक्टरकडेच कापतो, त्यांची दोन माणसे धरतात' हे उत्तर 'प्रेमळ आहे' या शब्दापेक्षा कितीतरी बोलके असते. आणि कुत्रा आणला कसा, हे गेटपासूनच पाहते : पट्ट्याने चालत, कडेवर, की बास्केटमधून.

चाचणी आणि तिचा पांगळेपणा

यानंतरची चूक माझीच. दुसऱ्याच दिवशी मी त्याची परीक्षा घेतली.

घरातून पिंजऱ्यात आलेल्या कुत्र्याच्या शरीरात काय चाललेले असते, हे मायकेल हेनेसी आणि सहकाऱ्यांनी 1997 सालीच दाखवले होते. अमेरिकेतील एका काउंटीच्या शेल्टरमध्ये त्यांनी कुत्र्यांच्या रक्तातील कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचे संप्रेरक, मोजले. पहिल्या तीन दिवसांत ते स्पष्टपणे चढलेले होते. पुढे 2019 साली लिसा गंटर यांच्या अभ्यासात शेल्टरमधल्या कुत्र्यांना एक-दोन रात्री कुणाच्या घरी राहायला पाठवले. तेवढ्यानेही कॉर्टिसोल उतरले, आणि परत पिंजऱ्यात आल्यावर पुन्हा पहिल्या पातळीवर गेले. पहिल्या तीन दिवसांत कुत्र्याबद्दल निष्कर्ष म्हणून काहीही लिहू नये, फक्त नोंदी कराव्यात, असे मी आता म्हणते. खाल्ले का, किती वाजता, माणूस समोर असताना की गेल्यावर. लघवीला बाहेर नेल्यावर अंग झाडले का. झोप आडवे पडून लागली की बसल्या बसल्या.

तेव्हा मात्र माझ्याकडे हात होता. सू स्टर्नबर्ग या अमेरिकन प्रशिक्षिकेमुळे ही युक्ती जगभर पोचली : काठीच्या टोकाला बसवलेला रबरी हात. कुत्रा खात असताना तो हात भांड्याजवळ न्यायचा, भांडे ओढायचे, तोंडाला लावायचा. कुत्रा काय करतो ते पाहायचे. खऱ्या बोटांना धोका नाही. बंड्याने त्या हाताला चार वेळा धरले, चौथ्यांदा सोडेना. मी कार्डावर लिहिले : 'चावरा. मुले असलेल्या घरी नको.' आणि फार जबाबदारीने काम केल्याचे समाधान घेऊन घरी गेले.

या चाचणीचा पाया किती भुसभुशीत आहे ते एमी मार्डर यांच्या 2013 सालच्या अभ्यासात दिसते. शेल्टरमधल्या 97 कुत्र्यांपैकी 20 चाचणीत अन्नावरून आक्रमक ठरले. दत्तक गेल्यावर त्या 20 पैकी 11 जणांनी घरीही तसे वागून दाखवले. नऊ जणांनी नाही. उलट चाचणीत पास झालेल्या 77 पैकी 17 कुत्रे घरी अन्नावरून गुरगुरले. गॅरी पॅट्रोनेक आणि जॅनिस ब्रॅडली यांनी 2016 साली सगळ्याच शेल्टर-चाचण्यांचा हिशेब मांडला आणि लेखाच्या शीर्षकातच म्हटले की हे नाणेफेकीहून बरे नाही.

त्यांचा युक्तिवाद गणिताचा आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. सोयीसाठी आकडे धरू. शंभर कुत्र्यांत खरोखर धोकादायक दहा आहेत. चाचणी बरीच चांगली आहे : दहापैकी आठ धोकादायक ओळखते, आणि निरुपद्रवी कुत्र्यांत दर दहामागे फक्त दोघांबाबत चुकते. मग नापास किती? आठ खरे, आणि नव्वदांतले अठरा खोटे. नापास झालेल्या 26 पैकी 18 निरपराध. चाचणी वाईट नसताना हे होते, कारण मुळात धोकादायक कुत्रे थोडे असतात. प्रत्यक्षातली चाचणी एवढीही चांगली नसते.

लहान कुत्र्याच्या बाबतीत त्यात आणखी भर पडते. तो रबरी हात बंड्याच्या डोक्याएवढा होता. पासष्ट किलोचे माणूस पाच किलोच्या कुत्र्यावर वाकते, तेव्हा वजनाचे प्रमाण तेरास एक असते. त्याच हिशेबाने आपल्यावर साडेआठशे किलोचे काहीतरी वाकले पाहिजे. म्हणजे कोयनेच्या जंगलातला पूर्ण वाढलेला गवा. आपण जेवत असताना गव्याने ताटात तोंड घातले आणि आपण चमच्याने त्याला मारले, तर आपला स्वभाव आक्रमक ठरतो का?

म्हणून लहान कुत्र्याची पाहणी जमिनीवर बसून करावी, त्याच्याकडे तोंड न करता, कडेने. हात वरून नको. खालून, छातीच्या उंचीवर, आणि तोही त्याने जवळ येऊन वास घेतल्यावर. मोजून तीन सेकंद मानेच्या बाजूला खाजवायचे आणि हात काढून घ्यायचा. तो सरकून पुन्हा हाताखाली आला तर त्याला ते हवे आहे. जागीच राहिला तर उत्तर 'चालेल' नव्हे, 'माहीत नाही' असे धरावे. अंग झाडून लांब गेला तर परीक्षा तिथे संपली. ही साधी पद्धत मी तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या माणसांकडून करून घेते. त्यात एक तरी पुरुष आणि एक तरी अनोळखी.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे मांडीवरचा शांतपणा. गुरगुरणारा कुत्रा निदान बोलत तरी असतो. काही लहान कुत्रे उचलले की दगड होतात : पाय पोटाशी, तोंड मिटलेले, श्वास वरवरचा, नजर कुठेच नाही. पाहणारे म्हणतात, किती गुणी आहे, कुणाकडेही जातो. त्याच्यापुढे उकडलेल्या चिकनचा तुकडा धरावा. निवांत कुत्रा घेतो. गोठलेला कुत्रा तो ओठांना लागूनही घेत नाही. कार्डावर 'शांत, मुलांसाठी उत्तम' असा शेरा मिळवून गेलेले आणि पंधरा दिवसांत परत आलेले कुत्रे मी पाहिलेत. नव्या घरात जीव स्थिरावला की गोठणे संपते आणि आतला कुत्रा बोलू लागतो. घरच्यांना वाटते, फसवले आपल्याला.

तोंड उघडून पाहणे

नवव्या दिवशी डॉक्टर आले. बंड्याला गुंगी दिल्याशिवाय तोंड उघडता आले नाही. उजव्या वरच्या दाढेखाली पू झाला होता, बाकी दातांवर किटाचे कवच. आठ दात काढले. डाव्या मागच्या गुडघ्याची वाटी जागेवरून सरकत होती. लहान जातींत या दोन्ही गोष्टी अगदी नेहमीच्या, आणि दोन्ही वर्तनात उतरतात : दुखऱ्या जबड्याजवळ येणारी वस्तू शत्रू, पोटाखाली घातलेला हात गुडघा वाकवतो म्हणून तोही शत्रू. मी रबरी हाताने जे मोजले होते त्यातला मोठा भाग त्या दाढेचा होता. वैद्यकीय तपासणीच्या आधी केलेली स्वभावपरीक्षा हा माझ्या लेखी आता वेळेचा अपव्यय आहे.

दात काढल्यानंतर दोन आठवड्यांनी भांड्याजवळ हात चालू लागला. उचलणे मात्र नाहीच. हात पोटाखाली गेला की ताठ. तिथून पुढचा शोध सफाई करणाऱ्या मावशींचा. त्या फरशीवरचे पाणी ओढून झाले की खराट्याचा दांडा दोनदा जमिनीवर आपटायच्या. "ताई, ह्यो बघा, दांडा वाजला की उठून माज्या डाव्या बाजूला येऊन हुबा ऱ्हातुय." खरोखरच यायचा, आणि मावशी चालल्या की बरोबर चालायचा. मी जर्मनीला फोन लावला. मुलगा म्हणाला, "बाबांची काठी. ते सोफ्यावरून उठताना वाजवायचे. बंड्याला त्यांनी कधी उचललं नाही हो, शेवटची पाच-सहा वर्षं त्यांना वाकताच येत नव्हतं." म्हणजे फॉर्मवरचे 'उचलू देतो : हो' हे कुणी कधी करूनच पाहिले नव्हते. पहिल्यांदा पाहिले ते मुलाने, बास्केटच्या दिवशी.

कार्डावर काय लिहावे

'प्रेमळ', 'लाजाळू', 'चावरा' या शब्दांनी दत्तक घेणाऱ्याला काहीच कळत नाही. परिस्थिती, वर्तन आणि त्यानंतर काय केल्याने निभावले, अशी वाक्ये लिहावीत. कोणत्या गोष्टी पाहिल्याच नाहीत, तेही लिहावे. मांजर, लिफ्ट, फटाके. जोखीम म्हणजे चावण्याची शक्यता आणि त्याने होणारी इजा यांचा गुणाकार, आणि दुसरा आकडा कुत्र्यात नसतो, घरात असतो. सात किलोच्या कुत्र्याने निवृत्त माणसाच्या मनगटाला दात लावला तर जखम धुऊन आणि इंजेक्शन घेऊन निभावते. तोच दात रांगत्या मुलाच्या चेहऱ्याला लागला तर नाही. म्हणून एकाच कुत्र्याला एका घरासाठी होकार आणि दुसऱ्यासाठी नकार देण्यात काही विसंगती नाही. पाच वर्षांखालचे मूल असलेल्या घरी मी बंड्या दिला नसता, आजही देणार नाही.

त्याचे नवे कार्ड असे होते : 'जेवताना शेजारी बसलेले चालते, भांडे ओढू नये. उचलू नये. हलवायचे असल्यास जमिनीवर किंवा लाकडावर दोनदा वाजवावे, स्वतः उठून येतो. डाव्या मागच्या गुडघ्याला हात लावल्यास इशारा न देता चावतो. डॉक्टरांना आधी सांगावे, मुसके बांधावे. लहान मुले, इतर कुत्री : पाहिलेले नाही.'

असे कार्ड वाचून कोण नेणार, असे शेल्टरमध्ये सगळेच म्हणत होते. तीन महिन्यांनी वाईच्या एका निवृत्त शिक्षिका घेऊन गेल्या. तळमजल्याचे घर, एकट्याच. मध्ये त्यांचा फोन आला. घरात काठी नाही, म्हणून त्या लाटण्याने ओट्यावर दोनदा वाजवतात. आता रोज पोळ्या लाटायला घेतल्या की हा स्वयंपाकघरात येऊन उभा. मग जरा थांबून म्हणाल्या, "परवा इंजेक्शनला नेलं होतं. डॉक्टरांना जरा दात ला... चावला हो, चांगलाच चावला. गुडघा धरला त्यांनी. कार्डावर होतं ते, मीच सांगायला विसरले."